गर्दी_फायनल_३

दोंडाईच्याला, स्टँडमागे, भावसारशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात
मी गर्दी बनवतो.

खरी महाग पडते. तिला टेम्पो लागतो,
पुडीत बांधलेली पोळीभाजी लागते,
आणि चार वाजले की ती घराकडे बघायला लागते.
माझी एका फाइलीत राहते.
दोनशे माणसं. आरशासारखी उलटवून जोडली की चारशे.
डोकी लहान करून मागे सरकवली
की क्षितिजापर्यंत माणूसच माणूस.
ती भाऊंना दिली, भाऊंच्या विरोधकाला दिली,
साड्यांच्या महासेललाही दिली,
तेव्हा फक्त आकाश गुलाबी केलं.
सगळे निघाले, तुम्हीच मागे राहिलात,
एवढंच तिला बोलता येतं. ती कुणाहीसाठी बोलते.

शेठ म्हणतात, अक्षर जेवढं मोठं तेवढं खरं.
म्हणून 'मोफत' हातभर
आणि 'अटी लागू' मिरचीच्या बीएवढं, तेही पिवळ्यावर पांढरं.
उमेदवाराला चुलीपुढे बसवलं, कळण्याची भाकर मोडताना.
भाकर खरी होती. चूल विझलेली.
धूर मी घातला.
'विकास' लिहिताना कशाचा ते विचारायचं नाही,
गिऱ्हाईक चिडतं.
समोरच्याचा फोटो घ्यायचाच झाला तर उजेड खालून,
डोळ्यांखाली थोडी शाई.
नावही लागत नाही. 'ते येतील' एवढं पुरतं.
ते कोण, हे ज्यानं त्यानं
आपापल्या गल्लीत शोधायचं.

मला वाटायचं, मी नुसता माउस हलवतो.

त्याच फाइलीत, कडेला, विजेच्या खांबाजवळ
हात वर केलेला एक म्हातारा आहे.
माझा बाप. उखर्डू.
आधीची तीन लेकरं गेली म्हणून आजीनं
याला उकिरड्यावर ठेवून उचललं,
नावही तेच ठेवलं,
मरणानं वाचावं आणि नाक मुरडून पुढे जावं म्हणून.
आमच्या घरातली ही पहिली जाहिरात,
उलटी.
एकाहत्तर वर्षं चालली.

मिरचीच्या मार्केटात पोती वाहायचा.
टेम्पो आला त्या दिवशी माल आला नव्हता, म्हणून चढला.
रात्री मी विचारलं, हात कशाला वर केलास,
कुणाचा जयजयकार?
"कसाना जयजयकार रे,
ऊन डोयामा जाई ऱ्हायंतं."

तो गेला तेव्हा चौकात लावायला फोटो नव्हता.
आधार कार्डावरचा त्याला स्वतःलाच ओळखू आला नसता.
म्हणून फाइल उघडली,
खांबाशेजारून त्याला कापून काढलं.
मोठा करत गेलो तसे चेहऱ्याचे चौकोन झाले,
मोजले तर आडवे अकरा, उभे चौदा.
हात तेवढा हात राहिला.
त्याच्या जागी भोक पडलं होतं,
शेजारच्याचा शर्ट ओढून ते बुजवलं.
दुसऱ्या दिवशी भाऊंची ऑर्डर गेली.
कुणाला काही कमी भासलं नाही.

मागच्या आठवड्यात शेठ पाठीमागून वाकून म्हणाले,
हा म्हातारा भारी आहे रे,
गुडघ्याच्या तेलाला घे याला.
तोंडी घाल, 'सात दिवसांत फरक पडला!'
मी तोंडाजवळ फुगा काढला.
कर्सर त्यात बराच वेळ लुकलुकत राहिला.
शेठ चहाला गेल्यावर टाइप केलं,
ऊन डोयामा जाई ऱ्हायंतं.
तीन बाय पाच, एकच प्रत,
पैसे पगारातून कापा म्हटलं.

आता तो तोलकाट्याच्या बाजूला,
हमाल बसतात तिथं,
भाऊंच्या जुन्या फ्लेक्सला सुतळीनं शिवलाय.
भाऊ उलटे लागलेत, बाप सुलटा.
दुपारी दोघांची सावली एकच पडते,
चार माणसांच्या बिड्या होतात तिच्यात.

आज एक नवा पोरगा खाली आडवा झाला,
वरचं अक्षर अक्षर वाचलं,
आणि विचारतो,
हे विकता काय तुम्ही?