मागची डावी

मागची डावी कॉईल तापत नाही.
पराते मिस्त्री फोनवर म्हणाले,
ताई, आधी मेन बंद. मग बाकीचं.

मेन बंद म्हणजे कूलर बंद,
आणि बेसा रोडवर शेहेचाळीस.
आतून बाबा: "काऊन वं, लाईन गेली का?"
"नाही. मी घालवली. दहा मिनिटं."

उजवीकडची धड कॉईल डावीच्या जागी लावा.
तापली तर रोग कॉईलचा,
नाही तर जागेचा.
लावली. मेन चालू. कूलर गुरगुरला,
ताट्या ओल्या होईस्तोवर पाहिलं:
काळी ती काळीच.
पुन्हा बंद. बाबांनी या खेपेला विचारलं नाही.

म्हणजे जागाच.
टॉर्च दातात धरून आत वाकले तर
पितळी पट्टीवर कडक काळा पापुद्रा.
नखाने खरवडला, हुंगला,
आणि ओळखलं.

वास्तुशांतीचं दूध.
गॅस यायचा होता, म्हणून पातेलं हिच्यावरच;
बटणाकडे गेलेला माझा हात आईने धरला होता,
"उतू जाऊ दे, शुभ असतं."
गेलं. सगळ्यांनी पाहिलं, ते बाहेरून पुसलं.
थोडं आत उतरलं,
जिथे बोट पोचत नाही.

पॉलिश पेपर, शून्य नंबर.
घासत बसले. पट्टी पिवळी होत आली,
कोपऱ्यात जरासं राहिलं.
"तेवढं चालेल का हो?"
"करंटला वाट मिळाली की झालं," पराते म्हणाले,
"बाकी राहू द्या."

मेन चालू.
आधी धूर, मग लाल.
कूलरच्या आवाजावरून बाबा ओरडले,
"अवं, दूध लागलं वाटते कुठं."