खिडकी क्रमांक चार

अर्सलान म्हणतो, मॅडम, हा तुमचा ब्राउझर म्हणजे
हँडब्रेक न काढता चालवलेली गाडी.
माझे एकशे त्रेसष्ट टॅब उघडे.
त्यांची नावं केव्हाच गळून पडलीत,
उरलीत नुसती चिन्हं, तांदळाच्या कणीएवढी,
तरी मला ती झोपेतही सापडतील:
अठ्ठावीसवा कस्टमचा, त्याला लागून जहाजांच्या वेळा,
बावन्नावर डॉलरचा भाव,
एकशे नऊवर २०१८ची घरांची सोडत,
अर्ज क्रमांक आढळला नाही.
तो बंद करत नाही. का, ते विचारू नका.

महापे, तिसरा मजला, आयातीची कागदपत्रं.
दिवसाला चारशे पानं उघडते मी.
अर्सलान मुकादम मोबाईलवर सेकंद लावून बसला,
दोघांना शेजारी शेजारी मांडून.
नवा: दोन. माझा: नऊ.
परत. दोन. नऊ.
तिसऱ्यांदा माझ्याने अकरा घेतले,
कुणी बघतंय म्हटल्यावर हात थरथरावा तसे.

सात गुणिले चारशे.
शेहेचाळीस मिनिटं, मॅडम, रोजची!
चेहरा असा, की माझ्या चोरीला गेलेल्या पाटल्या
त्यानेच चौकीतून सोडवून आणल्यात.

त्याला सांगितलं नाही
की ती शेहेचाळीस मिनिटं माझ्याकडे येणारच नाहीत.
ती जातील पणशीकरांच्या टेबलावर
आणि आणखी साठ बिलं होऊन परततील.
आत्ता निदान माझी आहेत,
सात-सात सेकंदांच्या चिल्लरीत:
चक्र फिरतं, मी चष्मा पुसते,
पारसिकच्या कापलेल्या कड्याकडे बघते,
खाण बंद पडली तिथे आता झुडपं धरलीत.
एक घोट चहा.
पान आलं.

आमच्या घराला चक्र नवं नाही.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी आबा
घणसोलीहून बेलापूरला गेले, अकरा वर्षं,
दर वेळी खिडकी क्रमांक चार.
पाचवर रांग लहान असायची.
मी म्हणायचे, आबा, तिकडे चला ना.
ते म्हणायचे, खिरकी बदलाची नाय गो.
वलखीचा मानूस बरा.
चारच्या कारकुनाला आमच्या फाईलचा नंबर पाठ होता,
आबांच्या गुडघ्याची चौकशीही तो करायचा.
मग तो निवृत्त झाला.
नव्याने मान वर न करता विचारलं, नाव?

भूखंड मिळाला. चाळीस मीटर.
पाचवरून, सहा आठवड्यांत.
हे आबांनी कुणाला सांगितलं नाही.
मीही पहिल्यांदाच सांगतेय.

पण त्या मार्चचं काय?
ट्रान्सफॉर्मर उडाला, अख्खी एमआयडीसी काळी,
न्हावाशेव्याला सफरचंदांचा कंटेनर खोळंबलेला,
माझं बिल अर्धवट.
वीज आली तेव्हा अनघा दोंदेच्या चपळ ब्राउझरवर
कोरं पान, धुतलेल्या ताटासारखं.
माझ्या म्हाताऱ्याने दम खाल्ला,
मग विचारलं, मागचं पुन्हा उघडू का?
आणि एकेक करत एकशे त्रेसष्ट.
कर्सर त्याच चौकटीत,
त्याच आकड्यापुढे, लुकलुकत.
माणसांपैकी कुणी माझ्यासाठी इतकं धरून ठेवलं असेल
तर मला आठवत नाही.

नवा टाकून घेतलाय. कस्टम त्यात करते.
खरंच पळतो.
रोज सकाळी विचारतो, मला मुख्य करता का?
मी म्हणते, नंतर.
पणशीकर खूश. बिलं वाढलीत, साठ नाही, बहात्तर.
अर्सलान येता-जाता अंगठा दाखवतो,
मीही दाखवते.

सव्वासहाला मजला रिकामा होतो.
मग जुना उघडते, कामाचं काही नसतं.
नऊ सेकंद. आज दहा.
एकशे नऊवर जाते.
अर्ज क्रमांक आढळला नाही.
पुन्हा एकदा बघायला काय जातं,
म्हणून पान ताजं करते.

चक्र फिरतं.
मी चष्मा काढून ठेवते.