हजार वर्षं

अप्पांच्या कीर्तनात मी झांजा वाजवायचो.
दांडिया बाजारात, मंडळाच्या हॉलमध्ये,
पुढे पन्नास-साठ माणसं, निम्मी पेंगणारी.
हत्ती पाण्यात उतरला की मी सावरून बसायचो.
मगरीनं पाय धरला की अप्पा माझ्याकडे बघायचे,
आणि हत्तीनं सोंडेत कमळ उचलून हाक मारली की
झण्ण!
देव निघालाच. अनवाणी, गरुडालाही मागे टाकून.
पेंगणारेसुद्धा टाळ्या पिटायचे.

आता मी वीज कंपनीत मीटर वाचतो,
आणि रात्री-अपरात्री हसमुखचा फोन आला की
दोर, पोती, चिकटपट्टी घेऊन मगरी धरायला जातो.
विश्वामित्री फुगली की त्या बडोद्यात शिरतात,
पार्किंगमध्ये, शाळेच्या मैदानावर, एकदा तर
दाताच्या डॉक्टरच्या पायरीवर, आ वासून.
हसलो होतो आम्ही.

मेहुल नऊ वर्षांचा. रेवाबेनचा.
पूर ओसरल्यावर घरातला चिखल धुवायला
पाणी आणायला गेला, पुलाखाली.
पलीकडच्या काठावरचे सांगतात,
शेवटी दिसला तो हात,
हातात प्लास्टिकचा निळा मग,
वर धरलेला.

मी अप्पांना विचारलं,
ते वरणभात कालवत होते,
हत्ती किती वर्षं झुंजला, अप्पा?
"हजार."
मेहुलला अर्धं मिनिट मिळालं नाही.
हाक मारायला तोंड पाण्याबाहेर लागतं.
अप्पा कालवलेलाच भात पुन्हा कालवत राहिले.
मग म्हणाले,
"ती हजार वर्षं मी एका दमात गिळायचो.
लोकांना घरी जायचं असायचं."

परवा समा रोडला एक सापडली. आठ फुटी.
डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं की मगर गप्प होते.
मी तिच्या पाठीवर आडवा, हसमुख जबडा बांधतोय,
माझ्या पोटाला तिचा श्वास लागतोय,
सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा.
हीच का रे?
"नदीत शेकडो आहेत," तो म्हणाला,
"ने होय तोय शुं?"
ती भुकेली होती, एवढंच.
भूक काही तिनं बनवली नव्हती.
कुणी बनवली? मी साधा मीटरवाला,
हे बिल कुणाच्या नावावर फाडू?
तिला नदीत सोडलं. त्याच नदीत.
दुसरी नदी नाही आमच्याकडे.

रेवाबेनकडे गेलो, उशिरानंच.
भिंतीवर पुराची रेघ, छातीइतकी.
रेघेच्या वर खोडियार मातेची तसबीर,
लाल साडी, हातात त्रिशूळ,
आणि बसलेली मगरीवर.
दिवा लावलेला होता.
देवी होती तशीच. मगरीवर मात्र
कुंकवाचा जाड थर,
पूजलेली की पुसलेली,
मला विचारवलं नाही.
"चा पीशो, भाई?" ती म्हणाली.
प्यायलो. साखर फार होती.

एकादशीला मंडळानं अप्पांना बोलावलं.
ब्याऐंशीव्या वर्षी, शेवटचं म्हणून.
आख्यान तेच लावलं.
हत्ती उतरला. मगरीनं पाय धरला.
अप्पांनी माझ्याकडे बघितलं
आणि म्हणाले, "पहिलं वर्ष."
थांबले.
"दुसरं वर्ष."
पेटीवाला सूर धरून बसला, मग त्यानंही सोडला.
"तिसरं."
कुणीतरी खाकरलं. बाविसाव्या वर्षी
जोशीकाकांनी चपला शोधल्या.
साठापर्यंत खुर्च्या सरकू लागल्या,
अध्यक्ष हातानं खुणा करत होते, आवरा, आवरा,
आणि मी झांजा वेगळ्या धरून,
मनगटं भरून आलेली,
दोन काशांच्या मधल्या फटीत नुसता पंख्याचा वारा.
एकशे चौदाव्या वर्षी अप्पांचा घसा बसला.
वॉचमननं पाणी आणून दिलं.