उणे अठरा

शाळेच्या तिसऱ्या पायरीवर, खडूच्या फुलीवर
सकाळचं पहिलं मोजमाप. जमिनीची ओढ किती.
संध्याकाळी पुन्हा तिथेच यायचं,
कारण दिवसभरात यंत्रातली स्प्रिंग जराशी ढळते
आणि तिचं ढळणं जमिनीच्या खात्यावर मांडायचं नसतं.

रौशन डोळा लावते, मी आकडा लिहितो.
झानबोलात गाडी बंद करून श्वास रोखून बसतो,
कुणी सांगितलेलं नसताना.
मग पुढची खुंटी, चारशे मीटरवर.
कॅस्पियनच्या उत्तरेला गवताला कड म्हणून नाही.

घरी आल्यावर वजाबाक्या:
उंचीची, अक्षांशाची,
चंद्राचीसुद्धा, भरदुपारी
न दिसता तोही ओढतच असतो.
सगळ्यांची देणी भागवून हातात उरेल
तेवढंच खालच्या खडकाचं.

सातव्या रांगेत आकडे घसरले.
उणे सहा. उणे अकरा. उणे अठरा.
"मीठ," रौशन म्हणाली.
इथे समुद्र होता. आटला, गाडला गेला,
आणि त्याचं मीठ, वरच्या गाळाहून हलकं,
पाण्याखाली सांडलेल्या तेलासारखं
वर येत राहिलं, कोट्यवधी वर्षं, घाई न करता.

रात्री ती पडद्यावर घुमट रचते.
खोल, गोळीबंद: जुळतो.
उथळ, पसरट: तोही जुळतो.
दोन लहान, शेजारीशेजारी: जरा जास्तच जुळतात.
"किती उणं आहे ते कळतं," ती डोळे चोळत म्हणाली,
"उणेपणाला आकार कुठला, ते नाही."

चहा ठेवायला आलेली कुल्याश
निळ्या डागापाशी वाकली. ओढा ओळखला, वाट ओळखली.
"इथे आमच्या वडिलांची विहीर होती.
दोन उन्हाळे खणली. पाणी लागलं ते असं,
की उंटानेही मान फिरवली.
एका दिवसात बुजवली त्यांनी.
त्यानंतर जेवताना कधी मीठ मागितलं नाही."

कुणीच काही बोललं नाही. चहावर साय धरली.
मग रौशनने हळूच विचारलं, "किती खोल?"
"नऊ पुरुष."

खोलातला घुमट तिने पुसून टाकला.
पसरट राहिला, आणि ती जोडी.
त्यांच्यातलं भांडण उद्याच्या रांगांवर.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
विहीर, बुजलेली. पाणी खारं. नऊ पुरुष.
"पुरुष म्हणजे किती मीटर?" रौशनने विचारलं.
झानबोलात दाराशी बूट काढत होता.
मी टेप घेऊन उठलो.