कितव्या पानावर

डुलूथला नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
मंगळवारची खोकी आज उशिरा आली,
महामार्गावर बर्फ होता म्हणे.
मी चिकटपट्टी फाडते, एकेक पुस्तक बाहेर काढते,
पाठीवर पिवळा ठिपका चिकटवते:
नऊ ते बारा.
मिरजेत याला अडनिडं वय म्हणत.
फ्रॉक आखूड होतो
आणि दुसरं काहीच अजून अंगाला बसत नाही.

प्रत्येक नव्या पुस्तकाखाली एक कार्ड लावायचं.
तीस शब्द, माझ्या अक्षरात, खाली माझं नाव.
तेवढ्या शब्दांत मंडईतली बाई
मेथीची शिळी जुडीसुद्धा खपवते, मला का जमू नये?
लिहिते: आजोबांचं कुलपांचं दुकान.
एक किल्ली कशालाच लागत नाही.
लिहिते: बर्फाखाली तळं, तळ्याखाली शाळा,
आणि हजेरी रोज घेतली जाते.
लिहिते: यातली शेळी तुम्हाला मुळीच आवडणार नाही.
साठाव्या पानापर्यंत.
अर्थात इंग्रजीत लिहिते.
विशेषणं मात्र मराठीतच सुचतात,
मग त्यांना कोट-टोपी घालून बाहेर पाठवावं लागतं.

शाळेची बस चार दहाला थांबते.
मारित कोस्केला, वय अकरा,
पायपुसण्यावर बूट दोनदा आपटते, मोजून.
कार्डं वाचत नाही.
सरळ टेबलाशी येते, पुस्तक माझ्यापुढे धरते:
"यात कुणी मरतं का?"

पहिल्यांदा मी म्हटलं,
"ते आधीच सांगितलं तर मजा काय राहिली?"
तिनं पुस्तक ठेवलं.
आठवडाभर फिरकली नाही.

दुसऱ्यांदा सांगून टाकलं. "हो. शेळी."
"कितव्या पानावर?"
मला ठाऊक नव्हतं. चाळून पाहिलं.
"एकशे बारा."
तिनं दप्तरातून पेन काढलं,
तळहातावर आकडा लिहिला, पुस्तक काखेत मारलं आणि गेली,
जशी माणसं घाटरस्त्याची चौकशी करून
मगच गाडी बाहेर काढतात.

कोण, ते मी विचारलेलं नाही.
तिला न्यायला एक लाल ट्रक यायचा,
आता येत नाही,
एवढंच खिडकीतून दिसतं.

तेव्हापासून कार्डाच्या मागच्या बाजूला
बारीक अक्षरात लिहून ठेवते:
शेळी, ११२.
आजोबा, ८८, पण खोकला पहिल्यापासून आहे.
तळ्याखालची शाळा: कुणी नाही.
एक मासा, तोही परत येतो.
आमच्या प्रमुख हाल्वर्सनबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"म्हणजे गोष्ट फोडल्यासारखंच झालं की हे."
मी म्हटलं, "हो."
खरं उत्तर सुचलं रात्री, भांडी विसळताना,
आणि तिथे ऐकायला फक्त कढई होती.

काल कुलपांचं पुस्तक परत आलं.
आत वहीचा चतकोर कागद, पेन्सिलीचं तिरपं अक्षर:
"८८ चुकलंय. ६१वर.
तिथे त्यांची टोपी खुंटीवरच राहते
आणि कुणी ती काढत नाही.
८८वर फक्त ते सांगतात.
१४० पण लिहा. तिथे सगळे हसतात,
आई पण."

वाचनालय बंद करायची वेळ झाली होती.
मी अंगात कोट, एका हातात मोजा, अशी उभीच
एकशे चाळिसावं पान वाचत राहिले.
बंदरात कुठली तरी बोट पुलाला हाक देत होती,
एक लांब, दोन आखूड.
खरंच हसतात सगळे.
दारावरची जुनी घंटा आहे, ती वाजतच नाही,
आणि तरी पाहुणा आत येतो.

६१ लिहिलं. १४० पुढच्या बाजूला लिहिलं, ठळक,
त्यासाठी माझी दोन चांगली विशेषणं खोडावी लागली.
खाली माझ्या नावाशेजारी एम. के. घातलं.
हाल्वर्सनबाई काय म्हणतील ते म्हणोत.

शेळीचं पुस्तक अजून परत आलेलं नाही.
मुदत दोनदा संपली.
मी इथूनच वाढवते आहे.