देवीच्या आतला कागद

माळ्यावरून देवी उतरवली तेव्हा
तिचा डावा गाल उंदरांनी खाल्लेला होता.
बानं नारळ फोडला, उदबत्ती लावली,
आणि देव जरा बाजूला झाल्यासारखं वाटल्यावर
हळूच म्हणाला, कागद आण.

सावळघाटाखाली मोह वेचून संपत आलेला.
बोहाडा सतरा दिवसांवर.
सोंगं ज्याची त्याला वाटून दिलेली, फार आधीपासून :
वेताळ खंबाइतांचा,
मारुती पोस्टातल्या गुलाबचा,
रावण ज्याच्या मानेत जोर त्याचा.
देवी थविलांची, म्हणजे आमची,
म्हणजे बाची, आणि गुडघे गेल्यापासून धाकट्या रामजीची,
जो सातपूरला कंपनीत नटबोल्ट मोजतो
आणि साहेबाकडे देवीसाठी रजा मागायला लाजतो.
पोट बिघडलंय म्हणून सांगतो.

मी चिंचोके भाजले, सोलले,
रात्रभर भिजवून पाट्यावर वाटले,
खळ शिजवली.
घरभर तो करपट गोडूस वास.

फुटक्या गालातून आत बघितलं.
बाहेरून शेंदरी असलेली देवी
आतून सगळी छापील :
रेशनच्या पावत्या,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतला अर्धा गणपती,
एक निवडणूक चिन्ह, हरलेलं,
सोसायटीची नोटीस, तिसरी आणि शेवटची.
अगदी तळाशी, कपाळाच्या मागे,
मोडीतली एक ओळ.
ती बाला वाचता येत नाही. त्याच्या आज्यालाही येत नव्हती.
मग ठेवली कशाला?
बा म्हणाला, कागद जाड होता.

जाड कागद माझ्याकडेही होता एक,
लुगड्याच्या घडीत, दोन वर्षं.
नाशिकच्या सिव्हिलचा केसपेपर.
मंजुळा भुसारे यांचे बाळ.
एवढंच त्याचं नाव.
वजन एक किलो शंभर,
पुढे डॉक्टरांचं अक्षर, जे मोडीपेक्षा अवघड,
आणि एक तारीख, तिच्यापुढे काहीच नाही.

पट्ट्या फाडल्या. बोटभर रुंद.
खळीत बुडवून गालाला आतून लावल्या,
लिहिलेली बाजू आत.
बानं बघितलं का?
तो चिलीम शोधत होता.
बराच वेळ शोधत होता. ती कानावरच होती.

मग चुना, मग शेंदूर,
मग बानं एका दमात डोळे काढले.
डोळे उघडले की आमच्यात बाईनं हात लावायचा नाही.
मी हात धुऊन आले.

बोहाड्याच्या रात्री जनरेटर दोनदा बंद पडला.
अंधारात संबळ थांबला नाही.
गणपती आला, सरस्वती मोरावरून आली,
रावणाची मान अवघडली, लोक हसले,
पोरं आयांच्या मांडीवर लवंडली.
पहाटे, कोंबड्याच्या जरासं आधी,
टेंभ्यांच्या मधून देवी आली.

मला माहीत होतं तो रामजी आहे,
त्याच्या पायातल्या कंपनीच्या मोज्यांवरून.
तरी उभी राहिले.
सगळेच उभे राहिले.
महिषासुर पडला. मग रिवाजाप्रमाणे
वर्षातली नवी लेकरं आणून
तिच्या वाटेत आडवी ठेवली, ओळीनं, गोधड्यांवर.
ती एकेकाला ओलांडत गेली,
एकेकाशी वाकत, डावा गाल खाली करून.
सात लेकरं होती.
मी आठ मोजली, आणि पुन्हा मोजली नाहीत.

उजाडल्यावर ओसरीत त्यानं मुखवटा उतरवला.
घामानं निथळत होता.
डाव्या गालावर निळसर डाग,
उलट्या अक्षरांसारखा काहीतरी.
रंग सुटला वाटतं, म्हणाला,
आणि गमछानं पुसला.
थोडा राहिला, कानाच्या पाळीखाली.
मी सांगितलं नाही.
नऊच्या एसटीनं तो तसाच सातपूरला गेला.

देवी आता माळ्यावर आहे,
दुपट्यात गुंडाळून.
उंदरांसाठी दरवर्षी कडुलिंबाचा पाला ठेवतो.
यंदा मी जरा जास्तच ठेवलाय.