वजनानं द्या

इतवारीत, सराफ्याच्या मागच्या बोळीत आमचं दुकान.
पाटीवर लिहिलंय : ढोबळे वजनकाटे, दुरुस्ती व तपासणी.
आडनाव ढोबळे, धंदा मिलिग्रॅमचा.
येणारा प्रत्येक सोनार एकदा तरी हसतो.
वडिलांच्या वेळेपासून तोच विनोद, तेवढ्याच वजनाचा.

मे महिन्यात पुतणी यायची दुपारची.
ईश्वरी, वय अकरा. शाळा बंद,
डोक्यात मात्र प्रश्नमंजूषा चालूच.
कूलरच्या अगदी तोंडाशी बसायची
म्हणून प्रत्येक प्रश्न थरथरत यायचा :

काका, सोन्याहून महाग काय?
केशर, मी म्हटलं. चूक.
केशराचं नाव मोठं, सोन्यापुढे भाव काहीच नाही.
एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं, तिनं वहीत लिहिलं,
आणि खोडरबर चावत विचारलं, फुलं मोजतं कोण?

ऱ्होडियम, ती म्हणाली, गाडीच्या धुरांड्यात असतं.
आमच्या कळमन्याच्या भंगारवाल्याला ते माहीत आहे,
फक्त नाव माहीत नाही.

मग व्हेल माशाच्या पोटातला गोळा :
आधी शेणाचा वास, वर्षं गेली की अत्तराचा,
पाण्यावर तरंगत किनाऱ्याला लागतो.
इथे कुठला किनारा! फुटाळ्याला काय लागतं
ते सगळ्या नागपूरला ठाऊक आहे.

हिऱ्याचा कॅरट म्हणजे मुळात एका शेंगेची बी.
हे मला येत होतं. मी खालचं खोकं काढलं,
वडिलांच्या गुंजा, लाल, काळ्या डोळ्यांच्या.
सारख्या दिसतात ना? ठेव काट्यावर.
तिनं ठेवल्या. काटा एकीलाही दुसरीसारखं मानेना.

शेवटचा प्रश्न तिनं राखून ठेवला होता.
प्रतिद्रव्य. सगळ्यात महाग.
ठेवायला डबी नाही, कशाला शिवलं
की ते जातं आणि शिवलेलंही जातं.
मग वजन केलं कसं? मी विचारलं.
ती वहीची पानं उलटत राहिली,
आणि तेवढ्यात मला शिंक आली.

पेटीतलं सगळ्यात धाकटं वजन, एक मिलिग्रॅम,
ॲल्युमिनियमचा पापुद्रा, चिमट्यासाठी एक कोपरा दुमडलेला,
चिमट्यातून उडालं आणि कूलरच्या वाऱ्यानं नेलं.
आम्ही दोघं रांगलो. चटई झटकली.
ईश्वरीनं तर श्वाससुद्धा रोखून धरला होता.
नाही म्हणजे नाही.

तिसऱ्या दिवशी फुलवंताबाई आली.
झारेकरीण. पहाटे बोळ झाडते, माती घमेल्यात घोळते,
सोनारांच्या अंगावरून, चपलांवरून गळलेलं सोनं
तळाशी धरते. चाळीस वर्षं.
तळहात पुढे केला. हे तुमचं का जी?
सोनं बुडते. हे बुडूनच नाही राह्यलं.
वर बसलं होतं पाण्यावर, माशीवानी.

मी म्हटलं, काय देऊ, बाई?
वजनानं द्या, ती म्हणाली,
आणि अशी हसली की घमेलं खाली ठेवावं लागलं.

पन्नास रुपये दिले, वर चहा.
ईश्वरी पेन्सिल घेऊन बसली :
मिलिग्रॅमला पन्नास, ग्रॅमला पन्नास हजार,
किलोला पाच कोटी.
सोन्याच्या काही पट, काका! ऱ्होडियम पाहावं लागेल.
फुलवंताबाईनं विचारलं, पोट्टी काय म्हणते?
मी सांगितलं. तिनं बशीतला चहा फुंकला.
मंग चहाचेही धरा त्यात.

ते वजन आता चालत नाही.
कोपरा तिनं अंगठ्यानं सरळ केला होता,
मायेनं, घडी मोडावी तसा.
खात्याचा माणूस म्हणेल, हे वजन नाही, पत्रा आहे.
खरंच आहे.
नवं मागवलं, ते डबीत असतं, चिमट्यानंच निघतं.

हे मी मखमलीच्या जुन्या खाचेत ठेवलंय.
त्याच्यासमोर शिंकत नाही.
ईश्वरीच्या वहीत शेवटी एक ओळ आहे,
प्रश्न लिहिलाय, उत्तराची जागा मोकळी :
बोळीत रोज किती सांडतं?